बेलाला नंबर नव्हता

माझ्या टेबलाचं पूर्ण नाव ‘पर्यावरण, वृक्षलागवड व इतर संकीर्ण’ असं होतं. माकडांनी कौलं फोडली, गावतळ्यात गाळ साचला, उकिरड्यावरून दोन गल्ल्या भांडल्या, की तो अर्ज जिल्हा परिषदेच्या कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत शेवटी माझ्याकडे येई. ज्या कागदाला कुणी वाली नाही तो संकीर्ण. झाडं मात्र पूर्णपणे माझी. म्हणजे लावायची गावानं, पाणी घालायचं ढगांनी आणि जगली असं लिहायचं मी.

वारंगा फाट्यावरून आत वळलं की आमच्या गावाकडे जाणारा रस्ता लागतो. तो परिषदेचाच. आमच्या घरात महादेवाची पूजा पिढ्यान् पिढ्या. वडील गेल्यावर ती थोरल्या भावानं घेतली आणि मी हिंगोलीला येऊन नोकरी धरली. त्या रस्त्याच्या पूर्वेच्या अंगाला कडुलिंबाची रोपं लावायची असं एका पावसाळ्यात ठरलं. माझ्याच गावचा रस्ता म्हणून मी जरा जास्त उत्साहानं फाईल हलवली. रोपं आली, खड्डे झाले, फोटो झाले. महिनाभरानं अहवाल मागवला तेव्हा फक्त खड्डे जगले होते. बाकी सगळं शेळ्यांनी खाल्लं होतं.

साहेबांनी टिपणीवर शेरा मारला, ‘शेळीमालकांवर कारवाई प्रस्तावित करावी.’ कारवाई कुणावर करायची हे बघायला मी गावात गेलो. जो भेटला त्यानं एकाच घराकडे बोट दाखवलं. गावाच्या कडेला शेळ्यामेंढ्या राखणारं एक कुटुंब होतं. त्यातली म्हातारी मला लहानपणापासून माहीत होती. तिला आम्ही सगळे मावशीच म्हणायचो. मी गेलो तेव्हा ती एका करडाच्या पायातला काटा काढत होती.

“मावशी, तुझ्या शेळ्यांनी सरकारी झाडं खाल्ली,” मी म्हटलं.

“शेळी पाला खाती हे मला तू सांगून राहिला?” तिनं मान वर न करता विचारलं. “रोप लावलं त्याला अक्कल नको का? शेळ्यांच्या वाटंवर लिंब लावला. ताटात वाढल्यावानी.”

मी कारवाईचा कागद बाहेर काढला. तिनं तो बघितलाही नाही. काटा निघाला, करडू उड्या मारत गेलं, तेव्हा ती म्हणाली, “मलाच ठिव की राखणीला. दुसरा राखणदार ठिवला तर तो झाडाखाली झोपून राहील आन् मपल्या शेळ्या त्याच्या उशाखालचा पाला खातील.”

कचेरीत परत येऊन मी साहेबांना हे सांगितलं. शेळ्यांच्या मालकिणीलाच झाडांची राखण द्यायची, हे त्यांना पटेना. पण कारवाईसाठी तीन खात्यांचे अभिप्राय लागणार होते आणि राखणीसाठी त्यांची एकट्याची सही पुरणार होती. त्यांनी सही केली.

मावशीनं दुसऱ्या वर्षीची रोपं जगवली. बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं. लेंड्या पाण्यात भिजवून ते पाणी पाल्यावर शिंपडलं, म्हणजे शेळ्या तोंड लावत नाहीत. हापशावरून घागरी आणल्या. ट्री गार्ड म्हणून परिषदेनं पाठवलेल्या लोखंडी जाळ्या तिनं करडं कोंडायला वापरल्या, हे मी अहवालात लिहिलं नाही. पाच-सहा वर्षांत झाडं डोक्याच्या वर गेली. मग खालच्या फांद्या उन्हाळ्यात तिच्या शेळ्यांना मिळू लागल्या. हा तिचा आणि झाडांचा आपसातला व्यवहार होता. त्यात परिषद कुठंच नव्हती. आम्ही एवढंच केलं, की प्रत्येक खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे मारले, वर नंबर घातले आणि ते नंबर रजिस्टरला उतरवले.

याच सुमारास बांधकाम विभागाचं पत्र आलं. रस्ता रुंद करायचा आहे, पूर्वेकडची झाडं आड येतात, तरी तोडण्यास आपली हरकत नसल्याचं कळवावं. साहेब म्हणाले, “थोडी हरकत घ्या. अगदीच गप्प बसलो असं नको दिसायला.”

मला थोडी हरकत घेणं जमलं नाही. मी तीन पानं लिहिली. सावली लिहिली, मातीची धूप लिहिली, पाखरं लिहिली, राखणीला लागलेले कष्ट लिहिले आणि शेवटी, माझी हुशारी दाखवायला, उपायही लिहिला: ‘परिषदेने लावलेली सर्व नोंदणीकृत झाडे पूर्वेकडील बाजूस असून पश्चिमेकडील बाजूस एकही नोंदणीकृत झाड नाही. सबब रुंदीकरण केवळ पश्चिमेकडे करणे पर्यावरणाच्या दृष्टीने उचित होईल.’ साहेबांनी न वाचता सही केली. जावक नंबर पडला. त्या दिवशी मी घरी जाताना मुलांसाठी जिलेबी नेली.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी कचेरीत टेबलबदलीचे आदेश निघाले आणि मला बांधकाम विभागात टाकलं. माझ्या जुन्या टेबलावर कुणी आलंच नाही. नव्या टेबलावर बसलो, कापडानं धूळ पुसली, पहिली फाईल उघडली, तर वरच माझं पत्र. त्याच्या कोपऱ्यात कार्यकारी अभियंता मॅडमचा शेरा: ‘मुद्देनिहाय उत्तर सादर करावे.’

मॅडम जिल्ह्याबाहेरून बदलून आलेल्या. कमी बोलायच्या आणि कागद वाचायच्या. कागद वाचणारा अधिकारी कारकुनाला परवडत नाही. मी त्यांना सांगू शकलो असतो, की हे पत्र माझंच आहे. पण खाली सही माझी नव्हती. म्हणजे कायद्यानं ते माझं नव्हतंच. मी उत्तर लिहायला घेतलं.

पहिला मसुदा बांधकामाच्या बाजूनं लिहिला: ‘सदर पत्रातील मुद्दे वस्तुस्थितीस धरून नाहीत.’ हे वाक्य लिहिलं आणि मला रागच आला. मुद्दे वस्तुस्थितीला धरूनच होते. मी स्वतः जाऊन बघितले होते. कुणीतरी माझ्या तोंडावर मला खोटं पाडतंय असं वाटलं, आणि तो कुणीतरी मीच. दोन दिवस मी स्वतःशी भांडत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या नव्या टेबलानं जुन्या टेबलापुढे हात टेकले. लिहिलं: ‘मुद्दे ग्राह्य धरण्यासारखे आहेत, सबब पश्चिमेकडील रुंदीकरणाचा प्रस्ताव मान्य करणे उचित होईल.’ मॅडमनी दोन्ही पत्रं वाचली आणि मंजुरी दिली. दोन विभागांत असं एकमत पूर्वी कधी झालेलं नव्हतं, असं मला हेडक्लार्क म्हणाले.

पुढं महिन्याभरानं भावाचा फोन आला. तो फोनवर कधी लांबण लावत नाही. “येऊन बघ,” म्हणाला आणि ठेवला.

मी रविवारी गेलो. फाट्यावर बसमधून उतरून जीपनं गावात. आमच्या देवळापाशी उतरलो. रस्त्याच्या पश्चिमेला चुन्याची रेघ मारलेली होती, आणि ती रेघ देवळाच्या ओट्याच्या अलीकडून, थेट बेलाच्या खोडावरून गेली होती.

माझ्या डोक्यात ते देऊळ रस्त्यापासून लांब होतं. लहानपणी देवळातून पळत रस्त्यावर यायला मला दम लागायचा. आता मी तेच अंतर पावलांनी मोजलं. एकवीस भरली. तीन पानांच्या पत्रात मी पाखरंसुद्धा विसरलो नव्हतो. माझ्याच घरच्या देवाचा बेल तेवढा विसरलो होतो.

भाऊ ओट्यावर बसला होता. वहिनी घरातून पाणी घेऊन आली, तांब्या ठेवून गेली.

“त्या लिंबांना काहून नंबर हाय?” भावानं विचारलं.

“ते परिषदेनं लावले दादा.”

“आन् हा?”

“हा आजोबांनी लावला असंल.”

“आजोबाच्या आजोबानं. मग याला नंबर काहून न्हाई?”

याला माझ्याकडे बरोबर उत्तर होतं, पण ते कचेरीतलं होतं. जे परिषदेनं लावलं नाही ते परिषदेच्या लेखी उगवलेलंच नाही, हे मी त्याला कसं सांगणार?

“तुपल्या कचेरीचा मोजणीवाला सांगून गेला,” भाऊ म्हणाला. “म्हणला, तुमच्याच भावाचा कागद हाय. त्यात लिहिलंय, हिकडं झाड न्हाई.”

“नोंदणीकृत झाड नाही असं लिहिलंय.”

“तेच की.” तो उठला आणि सोवळं नेसायला आत गेला. संध्याकाळच्या पूजेपर्यंत बाहेर आला नाही. मी ओट्यावर एकटा बसून राहिलो. त्या बेलाच्या तळाशी बसून मी बाराखडी गिरवली होती, आणि तेच अक्षर वापरून त्याच्यावर चुना ओढला होता.

मावशी शेळ्या घेऊन घराकडे चालली होती. मला बघून थांबली. तिला सगळं कळलेलं होतं. गावात त्या रेघेशिवाय दुसरा विषय नव्हता.

“लिंब वाचविले म्हनं तू,” ती म्हणाली.

“व्हय मावशी.”

“बेल तोडून?”

ती देवळासमोरच्या लिंबांकडे बघत उभी राहिली. एक्केचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस नंबरचे तीन लिंब बरोबर बेलाच्या समोर होते.

“हे तीन मपले घ्या,” ती म्हणाली. “इथं रस्ता जरा तिकडं सरकवा. बाकीचे राहू द्या. देवाचा बेल तोडून मपले लिंब राहिले तर शेळ्या बी खायच्या न्हाईत त्यो पाला.”

मी तिला सांगितलं, की असं तोंडी चालत नाही, अर्ज लागतो. “मग लिही की,” ती म्हणाली. “लिहायला तुला काय शिकवावं लागतंय?”

मी ओट्यावर बसून अर्ज लिहिला. खाली मावशीनं अंगठा उमटवला. लिहिताना मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी मनातलं जसंच्या तसं लिहीत होतो. फक्त ‘मपले’च्या जागी ‘अर्जदाराने जोपासलेली’ असं केलं आणि शेवट कचेरीच्या सवयीनं झाला.

आठवड्यानं मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ती फाईल उघडी होती. एका बाजूला माझं पहिलं पत्र, मधे मी दिलेलं उत्तर, वर मावशीचा अर्ज. त्यांनी तिन्ही कागदांतल्या एकेका ओळीवर पेन्सिलीनं खूण केली होती. तिन्ही ठिकाणी ‘सबब’ आणि ‘उचित होईल’ होतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. मी बसलो नाही. “पर्यावरणाचं पत्र कोणी लिहिलं?”

“मी, मॅडम.”

“त्याला उत्तर?”

“मीच.”

“आणि या बाईचा अर्ज?”

“त्यांना लिहिता येत नाही, मॅडम.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “या फाइलीत तुमच्याशिवाय दुसरं कोणी आहे का हो?”

मला नोकरी गेल्यासारखं वाटलं. मग मी सगळं सांगून टाकलं. देऊळ आमचं आहे, भाऊ पूजा करतो, बेल माझ्या लक्षात राहिला नाही, आणि भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, “मला जागा दाखवा.”

त्या खरंच आल्या. मोठे साहेब गावात येतात तेव्हा हार असतो, सरपंच असतो. मॅडम जीपमधून उतरल्या त्या हातात टेप घेऊनच. भाऊ देवळाच्या दारात उभा राहिला, पुढं आला नाही. मावशी मात्र शेळ्या सोडून आली. मॅडमनी बेलापासून लिंबांपर्यंत टेप लावला. टेपचं दुसरं टोक मावशीनं धरलं होतं.

“इथं दोन गाड्या समोरासमोर आल्या तर काय करतात?” मॅडमनी तिला विचारलं.

“येक थांबती, दुसरी जाती,” मावशी म्हणाली. “माणसंच हायेत ना आत.”

मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच. त्यांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवून लिहिलं, की देवळासमोरच्या भागात रस्त्याची आहे ती रुंदी कायम ठेवावी, दोन्ही बाजूंची झाडं राखावीत, आणि दोन्हीकडे ‘पुढे अरुंद रस्ता’ असे फलक लावावेत. पाच मिनिटांत झालं. मी जे तीन कागद खरडले होते त्यांत हा उपाय कुठंच नव्हता. काहीच न करणं हा उपाय असू शकतो, हे माझ्या टेबलाला सुचणं शक्यच नव्हतं.

निघताना त्या मला म्हणाल्या, “या फाइलीत आता तुम्ही काही लिहू नका.”

रस्ता झाला. फाट्यापासून मोठा, काळाभोर, मधे पांढरे पट्टे. देवळापाशी आला की आकसतो, चाळीस-पन्नास पावलं तसाच जातो आणि पुन्हा रुंद होतो. गावानं त्या जागेला ‘पुजाऱ्याचा गळा’ असं नाव ठेवलं. आमच्या भावाला ते आवडलं नाही, पण बेल राहिला म्हणून त्यानं ते सहन केलं. माझ्याशी मात्र तो बोललाच नाही. सणाला गेलो तर प्रसाद हातावर ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा.

मग उसाचा हंगाम आला. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्या रस्त्यानं कारखान्याकडे जाऊ लागले. गळ्यापाशी एक थांबायचा, दुसरा जायचा, मावशी म्हणाली होती तसंच. पण थांबलेला गप्प थांबायचा नाही. हॉर्न, आणि ट्रॅक्टरवर बांधलेल्या कर्ण्यांतून गाणी. ड्रायव्हर उतरून देवळाच्या नळावर तोंड धुवायचे, ओट्यावर टेकायचे, गुटख्याच्या पुड्या फाडायचे. बेलाच्या पानांवर धुळीचा थर बसू लागला. भावाला एकेक पान धुवून पुसून वाहावं लागे. रुद्र म्हणायला बसला की बाहेरून लग्नाच्या वरातीतली गाणी. मला हे वहिनीच्या फोनवरून कळायचं.

हंगाम संपत आला असताना एका दुपारी माझ्या टेबलासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. मी मान वर केली तर भाऊ. माझ्या सगळ्या नोकरीत तो पहिल्यांदा कचेरीत आला होता. धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म, हातात घडी केलेला कागद.

“साहेब, अर्ज हाय,” तो म्हणाला.

आजूबाजूची टेबलं बघायला लागली. त्या ‘साहेब’नं मला कुठं लागलं हे त्यालाच माहीत. मी कागद घेतला. देवळासमोरील रस्ता अरुंद असल्यानं वाहनांचा खोळंबा होऊन पूजेस व्यत्यय येतो, तरी रस्ता तातडीने रुंद करून मिळावा, ही विनंती.

“कुणाकडून लिहून घेतलास?”

“मास्तरकडून. तुपल्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे तकलीफ.”

“रस्ता कोणीकडे रुंद करायचा दादा?”

तो थोडा घुटमळला. “मावशी तीन लिंब देते म्हणली होती की.”

“तिला विचारलंस?”

“इचारलं.” त्यानं घसा साफ केला. “म्हणली, तवा दिले होते, तवा घ्यायचे होते. आता ट्रॅक्टरवाले त्याच्या सावलीत थांबतेत, तिच्या शेळ्यांला उसाचं वाढं टाकतेत. म्हणली, आता एक फांदी बी मिळायची न्हाई.”

मला हसू आलं आणि ते मी दाबू शकलो नाही. भावानं माझ्याकडे रागानं बघितलं. मग त्याच्याही मिश्या हलल्या. आम्ही दोघं कचेरीत तसे हसत राहिलो आणि हेडक्लार्क चष्म्यावरून बघत राहिले.

अर्जाला मी रीतसर आवक नंबर घातला. मॅडमची तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती. मी रजा टाकून भावाला घरी नेलं. त्यानं आंघोळ करून जेवण केलं, मुलांची पुस्तकं बघितली, माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांत काय काय आहे ते विचारलं. बोलता बोलता तो गाव, पाऊस, वहिनीचे गुडघे, सगळ्यावर आला. रस्त्याचं नाव त्यानं काढलं नाही. इतक्या महिन्यांचं न बोललेलं त्यानं एका दुपारात भरून काढलं.

चार वाजता मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली, तो खिडकीशी बसला. गाडी सुटायच्या आधी त्यानं मला हातानं जवळ बोलावलं आणि खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, “त्या अर्जाची काही घाई न्हाई बरं का. सावकाश होऊ दे.”

“दादा,” मी म्हटलं, “त्याची काळजी तू करूच नको.”